शुगरवर झाडपाला: अर्कात काय असतं, चालतं किती आणि बिघडतं कुठं

दर दोन-चार महिन्यांनी पेपरात एक बातमी येते. कुठल्याशा विद्यापीठात कुठल्याशा वनस्पतीचा अर्क उंदरांना दिला आणि त्यांची साखर उतरली. बातमीचं कात्रण मोबाइलवरून फिरत गावात पोचेपर्यंत त्यातला उंदीर गळून पडलेला असतो. उरतं एवढंच की 'या पाल्यानं शुगर जाते'. मग आठवडी बाजारात त्याच पाल्याची पुडी मिळू लागते आणि घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो गोळी सोडू नका, बाप म्हणतो गोळ्यांनी किडनी जाते, पाला बरा.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा वाद आता घरोघरचा आहे. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. तिच्यात जे लिहिलेलं नसतं तेच महत्त्वाचं असतं: झाडाचा कोणता भाग, किती, कशात काढलेला, कोणाला दिलेला आणि साखर कशानं मोजलेली.

आधी शुगरचं थोडक्यात

भाकर असो, भात असो की पोळी, आतड्यात तिचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन ते ग्लुकोज स्नायूंत पोचवतं. प्रकार २ च्या मधुमेहात, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या शुगरमध्ये, इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. यकृतही रात्रभर रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. म्हणून रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळी उपाशीपोटीची साखर जास्त दिसते. पुढं वर्षानुवर्षांनी स्वादुपिंडही थकतं.

उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ६.५ टक्के किंवा जास्त, असे आकडे पुन्हा तपासूनही आले तर मधुमेह म्हणतात. उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा.

शुगरचं औषध, झाडाचं असो की कारखान्याचं, बहुधा चारपैकी एखाद्या ठिकाणी काम करतं. आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतं, स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन काढतं, यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनची दाद घ्यायला लावतं किंवा किडनीवाटे साखर बाहेर टाकतं. प्रकार १ मध्ये, म्हणजे बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या मधुमेहात, इन्सुलिन जवळपास बनतच नाही. तिथं इन्सुलिनच्या इंजेक्शनला कोणताही पाला पर्याय नाही. ते बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. पुढचं सगळं प्रकार २ बद्दल आहे.

अर्क म्हणजे नेमकं काय

कपाशी करणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही, कारण निंबोळी अर्क त्यानं केलेला असतो. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर करून त्याच दिवशी फवारायचं. कधी तो चांगला चालतो, कधी बोंडावरची अळी ढिम्म हलत नाही. निंबोळी मागच्या वर्षीची होती, बुरशी लागलेली होती, नीट कुटली नव्हती, उन्हात पडून राहिली होती, कारणं अनेक. दुकानातल्या बाटलीवर मात्र ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं अळीवर चालणारं द्रव्य, १५०० पीपीएम किंवा १०,००० पीपीएम असं छापलेलं असतं. घरच्या अर्कात तेच द्रव्य असतं, पण किती ते कोणालाच माहीत नसतं.

माणसाच्या औषधाचंही असंच आहे. झाडाचा वाळलेला भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून किंवा उकळून, गाळून, पाणी उडवून जी घट्ट राब किंवा कोरडी पावडर उरते तो अर्क. दहा किलो पाल्यातून एक किलो कोरडा अर्क निघाला तर त्याला दहास एक म्हणतात. कशात काढला यानं त्यातलं काय येतं ते ठरतं. पाण्यात विरघळणारी द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. प्रयोगात अल्कोहोलचा अर्क वापरलेला असेल आणि घरी आपण पाण्यात काढा केला, तर झाड एक असलं तरी औषध वेगळं झालं.

ज्या अर्कात मुख्य द्रव्याचं प्रमाण मोजून दरवेळी सारखं ठेवलेलं असतं त्याला प्रमाणित अर्क म्हणतात. बाजारातल्या पुडीत बहुधा अर्क नसतोच. नुसतं वाळवून दळलेलं झाड असतं.

उंदरापासून माणसापर्यंत

प्रयोगशाळेतल्या उंदराला मधुमेह आपसूक होत नाही, तो करावा लागतो. नेहमीची रीत म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा ॲलोक्सान नावाचं रसायन टोचायचं. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. म्हणजे गावातल्या पन्नाशीच्या माणसाला जो आजार वीस वर्षांच्या बैठ्या राहणीतून आणि जेवणाखाण्यातून झाला, तो आणि उंदराला दोन दिवसांत सुईनं झालेला, हे दोन आजारच वेगळे. कित्येक प्रयोगांत तर अर्क आधी देतात आणि रसायन नंतर. तिथं अर्कानं विषापासून बचाव केला एवढंच सिद्ध होतं.

दुसरी अडचण मात्रेची. समजा बातमीतल्या प्रयोगात उंदराला किलो वजनामागे २०० मिलीग्राम अर्क दिला होता. उंदराची मात्रा माणसाला लावताना तिला साधारण ६.२ नं भागतात, म्हणजे किलोमागे ३२ मिलीग्राम. साठ किलोच्या माणसाला झाले सुमारे २ ग्राम अर्क, रोज. पाल्यातून दहास एक अर्क निघत असेल तर त्यासाठी २० ग्राम वाळलेला पाला लागेल. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणी धरलं तर ८० ग्राम, म्हणजे मोठी जुडीभर पाला रोज. आणि ज्यानं बातमी वाचली तो सकाळी दोन पानं चावतो. त्या दोन पानांनी फायदाही होत नाही अन् तोटाही बहुधा होत नाही. तोटा होतो तो त्यांच्या भरवशावर गोळी सोडल्यानं.

उलट टोकाला जाऊन कोणी खरंच रोज जुडीभर पाला वाटून प्यायला, तर त्यात साखर उतरवणाऱ्या द्रव्यासोबत आणखी शेदीडशे द्रव्यं जातात. यकृताला ती सगळी निस्तरावी लागतात.

'पण गोळीसुद्धा झाडातूनच आली ना?'

हा आक्षेप अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर सगळ्यात बोलकं आहे.

मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी, तिचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपीय झुडपात आहे. त्यातलं गॅलेगिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. हे झुडूप चरून मेंढ्या मरतात. त्याच घराण्यातलं, पण सौम्य असं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत बनवलं गेलं. पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी माणसांवरचा त्याचा उपयोग १९५७ मध्ये मांडला. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली १९९४ मध्ये. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, त्यात वजन जास्त असलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिननं मृत्यूही कमी झालेले दिसले. झुडपापासून इथवर यायला सत्तरेक वर्षं गेली आणि त्या काळात मूळचं विषारी द्रव्य मागं पडलं.

दुसरं उदाहरण सफरचंदाच्या झाडाचं. त्याच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं. पण तोंडावाटे घेतलेलं फ्लोरिझिन आतड्यातच फुटतं आणि जुलाब होतात. त्याच्या रचनेत बदल करत करत डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तयार झाल्या, त्या बाजारात आल्या २०१२ नंतर. सफरचंदाच्या झाडाची साल उकळून प्यायल्यानं त्या गोळीचं काम होत नाही.

तिसरं उदाहरण मात्र आपल्या अंगणातलं आहे. सदाफुली. शुगरसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं किंवा फुलं चावणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. जमैकातही तिचा चहा मधुमेहावर प्यायचे. ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदीर-सशांना देऊन पाहिला. साखरेवर काही विशेष फरक पडला नाही, पण अर्क टोचलेले प्राणी जंतुसंसर्गानं मरू लागले. तपासलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. त्या शोधातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन आलं, मग व्हिनक्रिस्टिन. आज मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टिन देतात, तेही दवाखान्यात, मोजून, शिरेवाटे. हेच झाड आपण शुगरसाठी रोज चावतोय. सदाफुलीत औषध आहे यात शंका नाही. ते शुगरचं नाही, आणि ज्याच्या पायाला आधीच जखम आहे त्याच्या पांढऱ्या पेशी कमी करून कोणाचं भलं होणार?

बांधावरची आणि बाजारातली नावं

*मेथी.* या सगळ्यांत मेथीची बाजू मला सगळ्यात भक्कम वाटते, कारण तिचं काम कशानं होतं हे स्पष्ट आहे. मेथीदाण्यात पाण्यात फुगणारा चिकट तंतू, म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, भरपूर असतो. तो पोटात जेलीसारखा होतो आणि जेवणातली साखर हळूहळू रक्तात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं रोज २५ ग्रामच्या आसपासच्या मात्रेवर काम केलं आहे. चाचण्या लहान होत्या, पण बहुतेकांची दिशा एकच आहे.

चुका दोन होतात. एक, दाणे रात्रभर भिजवून नुसतं पाणी पितात आणि दाणे फेकतात. तंतू तर दाण्यात राहिला. दुसरी, कोरडी पूड चमचाभर तोंडात टाकून वर घोटभर पाणी. ती घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण ४ ग्राम. एका चमच्यापासून सुरू करावं, आठवड्याभरानं दोन, सोसलं तर तीन, जेवणाआधी, भिजवलेले दाणे चावून, ग्लासभर पाण्यासोबत. सुरुवातीला पोट फुगतं, जुलाब होतात, घामाला मेथीचा वास येतो. थायरॉइडची गोळी आणि मेथी यांत काही तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी शोषली जात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात भाजीत घालतो तेवढी ठीक, औषधाच्या मात्रेत नको. शेंगदाणा किंवा चण्याची ॲलर्जी असणाऱ्याला मेथीचीही होऊ शकते.

*कारलं.* चॅरँटिन आणि पॉलिपेप्टाइड-पी ही त्यातली नावाजलेली द्रव्यं. दुसऱ्याला 'झाडातलं इन्सुलिन' म्हणतात, पण ते प्रथिन आहे. टोचलं तर साखर उतरते, खाल्लं तर पोटात डाळीच्या प्रथिनासारखं पचून जातं. कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१२ मध्ये ४७९ रुग्णांवरच्या चार चाचण्या एकत्र पाहिल्या आणि कारल्याच्या बाजूनं पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. थायलंडमधल्या एका चाचणीत रोज २ ग्राम कारल्यानं थोडी साखर उतरली, पण १ ग्राम मेटफॉर्मिननं उतरली त्याहून कमी. कारल्याची भाजी जेवढी आवडते तेवढी खावी. रिकाम्या पोटी पेलाभर रस नको, विशेषतः गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी. कारल्याचा काढा पिऊन मुलं साखर उतरून बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत.

इथं लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, विषय काढलाच पाहिजे. शुगरवाले कारलं आणि लवकीचा रस एकत्र करून पितात. कडू निघालेल्या लवकीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यू, असे प्रकार देशात झाले, तेव्हा आयसीएमआरच्या समितीनं सूचना दिल्या: रस काढण्याआधी लवकीचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेका आणि लवकीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका. कारल्यात मिसळल्यावर लवकी कडू आहे हे कळणार कसं? प्यायल्यावर पोटात कालवलं तर थांबून पाहू नये, सरळ दवाखाना गाठावा.

*बिजा.* गोंदिया-गडचिरोलीकडं बिजा, कुठं बिवला, आयुर्वेदात विजयसार. औषधात वापरतात तो लाकडाचा गाभा. या झाडाची माणसांवर रीतसर चाचणी झाली आहे. आयसीएमआरनं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या ९७ जणांना रोज २ ते ४ ग्राम अर्क दिला आणि १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर ताब्यात आली. आकडा चांगला आहे, फक्त तुलनेला दुसरा गट नव्हता आणि रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. दहा वर्षं जुनी शुगर, पायाला मुंग्या, अशा माणसाला हा निकाल लागू होत नाही.

बाजारात मिळतो तो बिजाचा लाकडी पेला. रात्री पाणी भरलं की सकाळी ते सोनेरी-तपकिरी होतं, उन्हात धरलं तर निळसर झाक मारतं. रंग उतरला म्हणजे काही द्रव्य उतरलं हे खरं, पण ४ ग्राम अर्काइतकं का, हे पेल्यावर लिहिलेलं नसतं. पंधरा-वीस दिवसांनी रंग फिका पडतो, तरी पेला वर्षभर वापरात असतो. झाडाचंही एक सांगायला हवं: गाभा काढायचा तर झाड तोडावंच लागतं, आणि ही जात आधीच विरळ होत चालली आहे.

*गुडमार.* मधुनाशिनी किंवा बेडकीचा पाला. पान चावून वर गूळ खाल्ला तर माती खाल्ल्यासारखं लागतं, कारण त्यातलं जिम्नेमिक आम्ल जिभेला गोडाची चव कळू देत नाही. हा खेळ पाहून लोकांना वाटतं, साखर मेली. मेली नाही, फक्त जिभेला कळली नाही. गूळ पोटात गेलाच. १९९० मध्ये २२ रुग्णांना रोज ४०० मिलीग्राम प्रमाणित अर्क १८ ते २० महिने नेहमीच्या गोळ्यांसोबत दिला गेला आणि ५ जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. आशादायक आहे, पण २२ जणांवरून कोट्यवधींचं ठरत नाही. गोडाची हाव आवरायला मात्र पान उपयोगी पडू शकतं.

*जांभूळ.* बियांच्या पुडीवर लोकांचा विश्वास सगळ्यात जास्त, माणसांवरचा पुरावा सगळ्यात कमी. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची नकली चहाशी तुलना केली, साखरेत फरक पडला नाही. फळ मात्र खुशाल खावं.

*इन्सुलिन प्लांट.* कुंडीतलं हे झाड रोपवाटिकेनं नाव ठेवून मोठं केलं. त्यात इन्सुलिन नाही, असतं तरी पोटात पचून गेलं असतं.

'पण आमच्या गावात तर लोकांची शुगर उतरली'

उतरली असेल. प्रश्न कशानं उतरली हा आहे.

जांभळाचंच घ्या. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, पंगती, आमरस आणि उन्हामुळं घरात बसणं. साखर तेव्हा वर. जून लागला की रस संपतो, मृगाचा पाऊस पडतो, माणूस पेरणीला शेतात उभा राहतो, दिवसाला कैक किलोमीटर चालतो. जांभूळ पिकतं तेव्हाच आणि बियांची पूडही त्याच सुमाराला सुरू होते. ऑगस्टमध्ये रिपोर्ट चांगला येतो. श्रेय पुडीला जातं, चालण्याला कोणी देत नाही.

शिवाय माणूस पाला सुरू करतो तो रिपोर्ट सगळ्यात वाईट आला तेव्हा. ताप, जखम, काळजी, स्टेरॉइडची इंजेक्शनं, अशा कशानं तरी तात्पुरती वाढलेली साखर काही न करताही थोडी खाली येते. म्हणून चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली पुडी देतात. दोन्ही गटांची साखर उतरते. औषधाच्या गटाची जास्त उतरली तरच औषध खरं.

विदर्भात याहून मोठी भानगड सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक भरपूर आहेत. एचबीए१सी ही चाचणी लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात या हिशेबावर उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याआधीच मोडतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. वाहकांत काही यंत्रं बरोबर मोजतात, काही चुकतात. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा जास्त येतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की तो आपोआप उतरतो. तिनं त्याच महिन्यात पाला सुरू केला असेल तर? घरात कोणाला सिकलसेल असेल तर हे लॅबमध्ये सांगावं आणि उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवर जास्त भिस्त ठेवावी.

तीन दिवसांत गुण देणारी पुडी

खरा पाला हळू चालतो. तीन-चार दिवसांत तीनशेची साखर सव्वाशे करणारी पुडी मिळाली तर आनंदापेक्षा संशय जास्त यावा. तिच्यात शुगरचीच इंग्रजी गोळी कुटून घातलेली असू शकते, बहुधा ग्लिबेनक्लामाइड. वनौषधींत अशी भेसळ अनेक देशांत पकडली गेली आहे. फेनफॉर्मिनही सापडतं, जे रक्तात घातक आम्ल साठवतं म्हणून भारतात २००३ मध्ये बंद झालं. सिंगापूरमध्ये २००८ साली ताकदीच्या नावाखाली विकलेल्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड निघालं. मधुमेह नसलेले १५० जण साखर उतरून दवाखान्यात आले, चार दगावले.

धोका असा की रुग्ण आधीच ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतो, वर ही पुडी. दोन्ही मिळून साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, बोलणं अडखळणं. म्हाताऱ्या माणसाचं हे घरच्यांना दारू प्यायल्यासारखं वाटतं आणि झोपू देतात. तसं करू नये. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, मग काहीतरी खायला द्यावं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी चालू असेल तर घरची साखर लवकर चढत नाही, दुकानातली ग्लुकोज पावडरच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नये. ग्लिबेनक्लामाइडचा असर दिवसभर टिकतो, किडनी कमजोर असेल तर त्याहून जास्त, आणि साखर पुन्हा उतरते.

'आयुर्वेदिक आहे, लायसन्स आहे, मग काय भीती?'

लायसन्स असणं चांगलंच. पण ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळायला शुगर किती उतरते याची मोठी चाचणी दाखवावी लागत नाही. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख आणि प्रत्येक घटकाचं वजन हवं. फक्त एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असेल तर ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून नोंदलेली आहे, औषध म्हणून नाही. 'मधुमेह मुळासकट बरा' अशी जाहिरात करणंच १९५४ च्या औषध व जादुई उपाय कायद्यानं मना आहे, म्हणून ज्या पाकिटावर असं लिहिलंय तिथंच विक्रेत्याची पारख झाली.

सरकारी प्रयोगशाळांनीही शुगरवर वनौषधी बनवल्या आहेत. सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान परिषदेच्या लखनौमधल्या दोन संस्थांचं बीजीआर-३४ आहे, सीसीआरएएस या केंद्राच्या आयुर्वेद संशोधन परिषदेचं आयुष-८२ आहे. घटक ओळखीचेच: विजयसार, गुडमार, मेथी, जांभूळ, कारलं. बनवण्याची पद्धत ठरलेली असणं ही त्यांची जमेची बाजू. पण डोळे, किडनी, हृदय वाचतात का, हे दाखवणारा वर्षानुवर्षांचा पुरावा त्यांच्यामागं नाही, तो मेटफॉर्मिनमागं आहे.

भस्मांचं वेगळं. मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या वसंतकुसुमाकर रसात नागभस्म असतं, नाग म्हणजे शिसं. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची २००८ मध्ये तपासणी झाली, त्यातल्या पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. असं औषध पदवीधर वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. गुळवेलीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. खरं कोणतंही असो, ज्याला वेल ओळखता येत नाही त्याला धोका दोन्हीकडून सारखाच.

आणि 'गोळ्यांनी किडनी जाते' हे उलटं आहे. किडनी जाते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं आणि रक्तदाबानं. किडनी कमजोर झाल्यावर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करतात, त्यावरून लोकांनी हा अर्थ काढला.

घ्यायचंच असेल तर

गोळी किंवा इन्सुलिन सुरू ठेवूनच घ्यावं. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, खर्चासाठी सोडायचं कारण नाही. एका वेळी एकच वनस्पती घ्यावी. पाच चूर्णांचं मिश्रण घेतलं तर फायदा कशाचा आणि खाज कशानं, काहीच कळत नाही. गरोदर बाई, दूध पाजणारी आई, किडनी-यकृताचा रुग्ण आणि प्रकार १ चा रुग्ण यांनी या वाटेला जाऊच नये.

सुरू करण्याआधी आठवड्यात तीन वेळा उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर मोजून वहीत लिहावी. एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी एसजीपीटी एकदा करून घ्यावं. काय घेताय ते आशाताईला, उपकेंद्रातल्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि डॉक्टरला सांगावं, पाकीट दाखवावं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं तर साखर उतरल्यावर ते गोळी वाढवायची की कमी करायची हे चुकीचं ठरवतील. पहिले दोन आठवडे दिवसाआड मोजावं, पुढं आठवड्यातून एकदा. ७० च्या खाली गेली तर पाला बंद करून दवाखान्यात जावं. गोळी किती कमी करायची ते तिथं ठरेल. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज, असं काही दिसलं तर त्याच दिवशी पुडी बंद करून एसजीपीटी पुन्हा करावं आणि उरलेली पुडी फेकून न देता सोबत न्यावी, कारण तिच्यात काय होतं हे तपासायचा तोच एक पुरावा. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवावं आणि भूलतज्ज्ञाला सांगावं.

या काळात जेवण, चालणं आणि गोळ्या शक्यतो होत्या तशाच ठेवाव्यात, नाहीतर जांभळासारखी गत होते. तीन महिन्यांनी एचबीए१सी त्याच लॅबमध्ये पुन्हा करावं. वहीतले आकडे आणि हा आकडा दोन्ही जागचे हलले नसतील तर पाला बंद करावा, मात्रा दुप्पट करून आणखी तीन महिने घालवू नयेत.